नागीण : शरीरात निजलेला विषाणू आणि आपले गैरसमज

एखाद्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला नागीण झाली आहे असे कळले की आजारापेक्षा भीतीच आधी घरात शिरते. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले, तिने अंगाला पूर्ण वेढा घातला, तर माणूस दगावतो ही समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आम्हांस ती आजही आढळते, आणि शिकल्यासवरल्या कुटुंबांतही आढळते. मग कुणी गेरूचा लेप सुचवितो, कुणी झाडपाल्याचा रस, तर कुणी नागीण ‘उतरविणाऱ्या’ भगताचा पत्ता देतो. डॉक्टरांकडे जाणे होते ते पाचव्या-सहाव्या दिवशी. तोवर औषधाचा खरा मोलाचा काळ हातचा निघून गेलेला असतो.

पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली लूर्ड्‌स मातेच्या सणाचा दिवस, ११ फेब्रुवारी, हा जागतिक रुग्णदिन म्हणून घोषित केला. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. परंतु आजाऱ्यावरील प्रेमाचा एक भाग असाही आहे की त्याचा आजार आपण नीट समजून घ्यावा. म्हणून नागीण म्हणजे नेमके काय, ती येते कोठून आणि ती झाल्यास प्रथम काय करावे, याचा विचार या लेखात करू.

बाहेरून न येणारा आजार

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की नागीण कुणी ‘लावत’ नाही, ती कुणाच्या शापाने येत नाही आणि सापाशी तर तिचा काडीचाही संबंध नाही. नागीण म्हणजे बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. व्हॅरिसेला झोस्टर हे त्याचे नाव. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागते आणि घरातील सर्वजण तो आजार विसरून जातात. विषाणू मात्र शरीर सोडून गेलेला नसतो. तो तीस, चाळीस, कधी साठ-सत्तर वर्षे आत निजून राहतो आणि एके दिवशी जागा होतो. हे त्याचे जागे होणे म्हणजेच नागीण.

सर्वच विषाणू असे वागत नाहीत. फ्लूचा विषाणू येतो, आठवडाभर त्रास देतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीपुढे हरून नाहीसा होतो. परंतु काही विषाणूंनी लपून राहण्याची विद्या साधलेली आहे. ताप येऊन गेल्यावर ज्यांच्या ओठांच्या कडेला वारंवार बारीक फोड उठतात, त्यांच्या शरीरातही व्हॅरिसेला झोस्टरच्याच कुळातील एक विषाणू असाच मुक्कामाला असतो. एचआयव्हीचा विषाणूही काही पेशींमध्ये सुप्त राहतो. त्यामुळेच त्यावरील औषधे उत्तम काम करीत असली तरी ती आयुष्यभर घ्यावी लागतात.

नावांमध्ये दडलेली ओळख

या आजाराची नावे पाहिली तर निरनिराळ्या देशांतील माणसांनी त्याच्याकडे किती सारख्या नजरेने पाहिले आहे हे ध्यानात येते. ‘हर्पीस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. भाषाशास्त्रानुसार हा धातू आणि आपल्या ‘सर्प’ शब्दातील संस्कृत धातू हे एकाच मुळातून निघालेले आहेत. म्हणजे ग्रीकांच्या मनातही हा आजार अंगावरून सरपटतच गेला. ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. इंग्रजीतील ‘शिंगल्स’ हे नाव पट्टा या अर्थाच्या ‘चिंगुलुम’ या लॅटिन शब्दावरून पडले. मिस्साबलिदानाच्या वेळी धर्मगुरू पांढऱ्या झग्यावर कमरेला जी दोरी बांधतात तिचेही नाव चिंगुलुमच.

इटलीत तर नागिणीला आजही ‘संत अंतोनींचा अग्नी’ म्हणतात. हे आपल्या परिचयाचे पादुआचे संत अंतोनी नव्हेत, तर इजिप्तच्या वाळवंटात तपश्चर्या करणारे मठवासी संत अंतोनी होत. अंगाची आग करणाऱ्या अनेक रोगांत मध्ययुगातील युरोपीय भाविक त्यांचा धावा करीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांच्या नावाने एक सेवासंघ स्थापन झाला आणि त्याने अशा रुग्णांसाठी रुग्णालये चालविली. प्रार्थना आणि शुश्रूषा एकाच छपराखाली नांदत होत्या ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विषाणू लपतो तो कोठे?

कांजिण्यांच्या वेळी त्वचेवर फोड आलेले असतात. त्वचेत मज्जातंतूंची अतिसूक्ष्म टोके असतात. त्यांच्याद्वारेच स्पर्श, उष्णता आणि वेदना आपल्याला कळतात. फोडांतील विषाणू या टोकांत शिरतात आणि तंतूंच्या वाटेने उलट दिशेने आत, पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जापेशींच्या गाठींपर्यंत जाऊन पोहोचतात. रक्तावाटेही ते तेथे जाऊ शकतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूंची अशीच एक गाठ कवटीच्या तळाशी असते. तीही त्यांना आसरा देते.

लपण्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही. त्वचेच्या पेशी झडतात, रक्ताच्या पेशी बदलतात. मज्जापेशी मात्र सहसा विभागत नाहीत आणि माणसाच्या जन्मभर टिकतात. अशा पेशीच्या केंद्रकात विषाणूचा जनुकीय धागा गुंडाळी होऊन पडून राहतो. तो स्वतःच्या प्रती काढीत नाही आणि स्वतःची प्रथिने जवळजवळ बनवीत नाही. शरीराचे संरक्षक पेशीदल शत्रूला ओळखते ते या प्रथिनांवरूनच. शत्रूने गणवेश उतरवून गावकऱ्यांचे कपडे घालावेत आणि गुपचूप घरात बसून राहावे, तसा हा प्रकार आहे.

तरीही शरीर गाफील नसते. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना कांजिण्यांची आठवण असते. विषाणूने थोडीशी हालचाल केली तरी त्या त्याला दाबून टाकतात. ही राखण जोवर चोख असते, तोवर माणसाला आपल्या शरीरात कुणी दडून बसले आहे याची गंधवार्ताही नसते.

राखण ढिली पडते तेव्हा

पन्नाशीनंतर ही राखण हळूहळू ढिली पडू लागते. मधुमेह, कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे, अवयवरोपणानंतरची औषधे किंवा एचआयव्हीचा संसर्ग यांमुळे ती तरुण वयातही कमकुवत होऊ शकते. मग विषाणू वाढू लागतो आणि ज्या तंतूच्या वाटेने तो पूर्वी आत गेला होता, त्याच वाटेने पुन्हा त्वचेकडे येतो. वाटेत तो त्या तंतूला जखमी करतो. म्हणूनच फोड येण्यापूर्वी दोन-चार दिवस एका बाजूला आग, ठणका, मुंग्या किंवा सुया टोचल्यासारखी वेदना सुरू होते. छातीवर असेल तर हृदयविकाराची शंका येते, कमरेत असेल तर मूतखड्याची. नंतर लाल चट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस दिसू लागतात.

हे फोड पट्ट्यासारखे आणि शरीराच्या एकाच बाजूला का येतात, याचे उत्तरही यातच आहे. कण्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला मज्जातंतूंच्या स्वतंत्र जोड्या आहेत आणि प्रत्येक तंतूच्या वाट्याला त्वचेचा एक ठरावीक पट्टा आलेला आहे. १९०० साली हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागिणीच्या रुग्णांचा अभ्यास करूनच या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. सहसा एकाच गाठीतील विषाणू जागा होतो, म्हणून एकाच पट्ट्यावर पुरळ उठते आणि ते शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते. तोंड-शेपूट मिळण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात पुरळ अंगभर पसरू शकते. अशा रुग्णाला धोका असतो तो वेढ्यामुळे नव्हे, तर त्या खालावलेल्या प्रतिकारशक्तीमुळे, आणि त्याची जागा रुग्णालयात असते.

एका गावच्या डॉक्टरांचा शोध

हे सारे कोडे उलगडण्यात एका साध्या कुटुंब-डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. कांजिण्या आणि नागीण यांचे नाते असावे ही शंका जुनी होती. नागिणीच्या रुग्णाच्या सहवासात आलेल्या मुलांना कांजिण्या होतात, हे बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. पण नागीण बाहेरून होणाऱ्या नव्या संसर्गाने येते की आतूनच उठते, हा प्रश्न उरला होता.

इंग्लंडमधील सायरेनसेस्टर या लहानशा गावी एडगर होप-सिम्पसन हे डॉक्टर दवाखाना चालवीत. सुमारे ३,५०० लोकवस्तीची आरोग्यसेवा त्यांच्याकडे होती. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत तेथे नागिणीचे जे १९२ रुग्ण आढळले, त्या प्रत्येकाची त्यांनी काळजीपूर्वक नोंद ठेवली. नागीण कांजिण्यांच्या साथीमागे धावत नाही, ती वयामागे धावते असे त्यांना दिसले. दहा वर्षांखालील मुलांत तिचे वार्षिक प्रमाण हजारी एकाहूनही कमी होते, तर ऐंशीच्या घरातील वृद्धांत हजारी दहाच्या आसपास. १९६५ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत निजतो आणि प्रतिकारशक्ती घटली की उठतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८३ साली मृत व्यक्तींच्या मज्जागाठींत या विषाणूचा जनुकीय धागा प्रत्यक्ष सापडला. १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणू तंतोतंत जुळल्याचेही सिद्ध झाले.

या निद्रेमागे विषाणूचा स्वार्थ आहे हेही होप-सिम्पसन यांनी ओळखले होते. गोवराचा विषाणू लहान बेटावर गेला तर सर्वांना एकदा गोवर येऊन जातो आणि नवे रुग्ण न मिळाल्याने विषाणू तेथून नष्ट होतो. कांजिण्यांचा विषाणू मात्र वृद्धांच्या शरीरात दबा धरून बसतो. पन्नास वर्षांनी आजोबांना नागीण होते, त्यांच्या फोडांतून नातवाला कांजिण्या होतात आणि विषाणूची पुढची पिढी सुरू होते.

मंत्राने नागीण उतरते का?

मंत्र घातल्यावर नागीण बरी झाली, आम्ही डोळ्यांनी पाहिले, असे सांगणारे पुष्कळजण भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. परंतु नागिणीचे फोड कोणताही उपाय केला नाही तरी साधारणतः सात ते दहा दिवसांत सुकतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा बरी होते. मंत्र, गेरू वा लेप यांना जे श्रेय मिळते, ते वस्तुतः देवाने शरीराला दिलेल्या प्रतिकारशक्तीचे असते. उलट, फोडांवर अस्वच्छ लेप लावल्याने त्यांत पू होण्याची भीती असते.

मंत्राचा खरा तोटा दिसतो तो वाया गेलेल्या वेळात. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि त्याच्या गटातील औषधे या विषाणूची वाढ रोखतात. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या निर्मितीत अमेरिकन शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. विषाणू जेव्हा वाढत असतो तेव्हाच हे औषध त्याच्यावर चालते. निजलेल्या विषाणूला ते हात लावू शकत नाही. म्हणूनच पुरळ दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावे असा डॉक्टरांचा आग्रह असतो. तसे झाल्यास आजाराची तीव्रता आणि कालावधी दोन्ही कमी होतात. ७२ तास उलटले असले तरी निराश होऊन घरी बसू नये. नवे फोड येत असतील किंवा डोळ्याला त्रास असेल, तर त्यानंतरही उपचार दिले जातात.

काही लक्षणे तातडीची मानावीत. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते. कानाजवळ फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, तरीही विलंब करू नये.

घरात कोणती काळजी घ्यावी?

नागीण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतील पाण्याच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे फोड स्वच्छ, सैल कापडाने झाकावेत, हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. खपल्या धरेपर्यंत गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि कमी प्रतिकारशक्तीचे रुग्ण यांना दूर ठेवावे. एवढे पुरेसे आहे. वृद्ध आईला ओटीवरच्या खोलीत एकटे टाकून तिचे ताट दाराशी सरकविण्याची काहीही गरज नाही. तरुण वयात नागीण झाली म्हणून त्या व्यक्तीविषयी कुजबुज करणेही अन्यायाचे आहे. डॉक्टर काही तपासण्या सांगतील, त्या कराव्यात. त्यांचा निकाल काहीही असो, तो शेजाऱ्यांच्या चर्चेचा विषय नव्हे.

कित्येकदा फोड गेल्यावरही वेदना मागे राहते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या दुखण्याला पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्या दर शंभरांतील सुमारे दहा ते अठरा जणांना ते होते, आणि वय जितके अधिक तितका त्याचा धोका अधिक. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही, झोप उडते, मन खचते. त्वचेवर तर काहीच दिसत नसते, म्हणून घरच्यांना ते ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे. जखमी झालेला मज्जातंतू मेंदूला खोटे निरोप पाठवीत असतो. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. मज्जातंतूंच्या वेदनेवर वेगळी औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागतात.

नागीण टाळण्यासाठी आता लसही आहे. भारतात ती २०२३ सालापासून पन्नास वर्षांवरील व्यक्तींसाठी उपलब्ध झाली. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्यावयाच्या असतात. मोठ्या चाचण्यांत तिने नागिणीपासून ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. तिच्यात जिवंत विषाणू नाही. ती विषाणूला शरीरातून हाकलीत नाही, तर ढिली पडलेली राखण पुन्हा सावध करते. ही लस महाग आहे, सर्वांच्या आवाक्यातील नाही. ज्यांना ऐपत आहे आणि ज्यांना मधुमेहासारखे आजार आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी याबाबत बोलावे. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी निदान पहिल्या तीन दिवसांचे महत्त्व विसरू नये. अ‍ॅसायक्लोव्हिर हे जुने, सर्वत्र मिळणारे औषध आहे.

श्रद्धा आणि औषध

ख्रिस्ती माणसाने या विषयाकडे कसे पाहावे? जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात आजाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. त्याने देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण औषधे निर्माण करणारा परमेश्वरच आहे. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव आहे असे मानणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. आजार म्हणजे कुणाच्या तरी पापाची शिक्षा हा विचार तर प्रभू येशूने जन्मांध माणसाच्या प्रसंगी आपल्या शिष्यांसमोर स्पष्टपणे नाकारला.

कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवणही याबाबत निःसंदिग्ध आहे. आरोग्य मिळविण्याच्या हेतूने का होईना, मंत्रतंत्राचा आणि गूढ शक्तींचा आधार घेणे धर्माविरुद्ध आहे, असे धर्मशिक्षणग्रंथाच्या २११७ क्रमांकाच्या परिच्छेदात सांगितले आहे. पारंपरिक उपचारांच्या नावाखाली भोळ्या माणसांच्या विश्वासाचा गैरफायदा घेण्याचाही तेथे निषेध आहे. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार देणे हा गुन्हा ठरविला आहे. नागीण हा सर्पदंश नव्हे, पण रुग्णाला डॉक्टरांपासून दूर ठेवणे ही चूक त्याच जातीची आहे.

गळ्यात क्रूस घालून रविवारी मिस्सा ऐकावयाची आणि सोमवारी आईला नागीण उतरविणाऱ्याच्या दारी न्यावयाचे, ही विसंगती आता आपल्या घरांतून जावयास हवी. आईला प्रथम डॉक्टरांकडे न्या. मग तिच्याजवळ बसून जपमाळेची प्रार्थना म्हणा. दुखणे गंभीर असेल, वय झालेले असेल, तर आपल्या धर्मगुरूंना कळवा. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाच्या दारातील संस्कार नव्हे, तर गंभीर आजारी आणि वयाने थकलेल्या व्यक्तींना बळ देणारा संस्कार आहे. चर्चमध्ये येऊ न शकणाऱ्यांना पवित्र कम्युनियन घरी मिळू शकते.

आपल्या धर्मग्रामातील विविध मंडळांच्या सभासदांना आमची एक विनंती आहे. आजाऱ्यांच्या भेटीला जाल तेव्हा नागिणीविषयीचे हे तीन मुद्दे घरोघर सांगा : ती जुन्या कांजिण्यांतून येते, ती शाप नाही आणि पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे जावयाचे असते. एखाद्या वृद्धाचा डोळा किंवा एखाद्या आजीची रात्रीची झोप एवढ्या माहितीने वाचू शकेल.